नुसतं ‘कसं झालंय?’ विचारू नका : चित्र शिकताना कामाचा फीडबॅक कसा मिळवायचा

चित्रं काढायला लागलो तेव्हा जवळजवळ दोन वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारायचो, "कसं झालंय?" आणि उत्तरही एकच यायचं, "मस्त!" फार तर "अरे वा, तू काढलंस?" मग मी खूश, वही बंद, पुढचं चित्र. या दोन वर्षांत ढिगाने चेहरे काढले आणि जवळपास प्रत्येकाचे डोळे पार वर नेऊन बसवले, त्यांच्यावर दोन बोटं कपाळ आणि लगेच केस. एकानेही सांगितलं नाही. शेवटी सांगितलं ते भाचीने, वय वर्षं सहा. चित्राकडे बघत म्हणाली, "मामा, याचा मेंदू कुठे ठेवलाय?"

मी हसलो, पण रात्री पट्टी घेऊन बसलो. माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटीच्या साधारण मधोमध असतात, आरशात बोटांनी मोजून बघा, पहिल्यांदा खोटंच वाटतं. आपलं लक्ष चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात असतं, डोळे नाक तोंड सगळं तिथेच, म्हणून वरचा अर्धा भाग हातून कापला जातो. नवशिक्यांची ही अगदी ठरलेली चूक आहे आणि मला ती कळायला दोन वर्षं लागली, कारण ‘कसं झालंय’ याचा सरळ अर्थ समोरचा ‘माझं कौतुक करा’ असाच घेतो. त्यात त्याचा काही दोष नाही. प्रश्नच तसा असतो.

तर खाली जे लिहिलंय ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे, पेन्सिल हातात घेऊन दोन महिने झाले असोत नाहीतर दोन वर्षं. क्रमाने केलंत तर बरं, पण तिसऱ्या पायरीवरून सुरू केलंत तरी चालेल, पहिली मात्र गाळू नका.

पायरी १. दुसऱ्याला दाखवायच्या आधी स्वतः नीट बघा

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण चित्राला आरसा लागतोच. दोन तास एकाच कागदाकडे बघून डोळ्यांना चुकीची सवय होते, वाकडं नाकही सरळ दिसायला लागतं. चित्र आरशासमोर धरा, म्हणजे उलटं झालेलं चित्र डोळ्यांना नवीन वाटतं आणि कललेला चेहरा, वरखाली झालेले डोळे, एका बाजूला घसरलेला जबडा हे सगळं एकदम अंगावर येतं. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत हेच लिहून ठेवलंय, की काम करताना सपाट आरसा जवळ ठेवावा आणि चित्र त्यात बघावं, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि चुका जास्त चांगल्या कळतात. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या माणसाला आरसा लागायचा, आपल्याला मोबाईलमध्ये फोटो काढून आडवा फ्लिप केला की झालं. मी तर आता दर अर्ध्या तासाला करतो, आणि दर वेळी एक शिवी बाहेर पडतेच.

आरशाशिवाय अजून काय काय? चित्र भिंतीला टेकवून सात-आठ पावलं मागे जा. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठिपके तेवढे उरतात, आणि मग कळतं की सगळं चित्र एकाच राखाडी रंगाचं झालंय. कागद उलटा, म्हणजे डोकं खाली पाय वर करून बघा. समोर वस्तू ठेवून काढत असाल तर पेन्सिलने मापं घ्या, हात पूर्ण ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा बंद, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत माप. कोपर वाकलं की माप बदललं, त्यामुळे हे ‘ताठ’ प्रकरण मनावर घ्या. आणि सगळ्यात सोपं म्हणजे चित्र रात्रभर ठेवून द्या आणि सकाळी बघा.

यातून ज्या चुका सापडतील त्या लिहून काढा आणि जमतील तेवढ्या दुरुस्त करा. जे आपल्याला आपलं आपण सापडतं त्यासाठी दुसऱ्याचा वेळ घ्यायचा नाही. समोरचा माणूस पाच मिनिटं देणार, त्यातली चार ‘डोळे वरखाली झालेत’ यात गेली तर खरी अडलेली गोष्ट राहूनच जाते.

पायरी २. अर्धवट असतानाच दाखवा

हे कुणाला पटत नाही, मलाही पटत नव्हतं. अर्धवट चित्र दाखवायची लाज वाटते, अजून शेडिंग बाकी आहे, केस बाकी आहेत, पूर्ण झालं की छान दिसेल, मग दाखवू. पण सहा तास शेडिंग करून झाल्यावर कुणी म्हटलं की खांदा दोन बोटं खाली हवा होता, तर तुम्ही काय करणार? काही नाही करणार. "पुढच्या वेळी लक्षात ठेवतो" म्हणणार आणि विसरणार. आणि समोरच्यालाही ते दिसत असतं, तुमची मेहनत बघून त्याची जीभ रेटत नाही, मग तोही "छान छान" करून मोकळा होतो.

म्हणून मोठे आकार मांडून झाले, फिकट रेषेत ढाचा उभा राहिला, की तिथेच थांबा आणि विचारा. या टप्प्यावर खोडरबर फिरवायला मिनिट लागत नाही, आणि नवशिक्यांच्या बहुतेक मोठ्या चुका या ढाच्यातच असतात, प्रमाण, कल, कागदावरची जागा. पापण्या कितीही सुंदर काढल्या तरी चुकीच्या जागी असलेला डोळा चुकीच्याच जागी राहतो.

पायरी ३. कुणाला विचारायचं आणि त्याला काय विचारायचं

अपेलीझ नावाचा एक ग्रीक चित्रकार होता, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, अलेक्झांडरची चित्रं काढायचा. रोमन लेखक प्लिनी त्याची एक गोष्ट सांगतो. अपेलीझ आपली चित्रं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी ठेवायचा आणि स्वतः मागे लपून लोक काय बोलतात ते ऐकायचा. एकदा एका चपला शिवणाऱ्याने चूक काढली की चित्रातल्या चपलेला आतल्या बाजूने एक फास कमी आहे. अपेलीझने ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी तो गडी परत आला, आपलं ऐकलं म्हणून जरा चढला होता, आणि आता पायाच्या पोटरीवर बोलायला लागला, तेव्हा अपेलीझ मागून डोकावून म्हणाला की चपलेच्या वर जाऊ नकोस.

लोक ही गोष्ट त्या शेवटच्या टोल्यासाठी सांगतात. मला मात्र पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढा मोठा चित्रकार, आणि चपलेबद्दल चपलावाल्याचं ऐकून त्याने रातोरात चित्र बदललं. ज्याला जे कळतं त्याला ते विचारावं, बस. आणि लपून ऐकायची आयडियाही भारी आहे कारण समोर चित्रकार नसला की लोक खरं बोलतात, आपल्यालाही "माझ्या मित्राने काढलंय, काय वाटतं?" असं म्हणून बघता येईल, मी केलंय, कान लाल होतात पण माहिती मिळते.

आता ज्यांना चित्र येत नाही अशी घरातली, ओळखीची माणसं. यांना ‘चूक काय’ विचारू नका, ‘काय दिसतंय’ विचारा. या माणसाचं वय किती वाटतं? तो रागावलाय की दमलाय? उजेड कुठल्या बाजूने येतोय? तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली? तुम्ही वीस वर्षांची मुलगी काढलीत आणि तिघांनी चाळीस सांगितलं, तर यापेक्षा स्वच्छ फीडबॅक कुठला? कारण त्यांना सांगता येणार नाही, बहुतेक वेळा नाकापासून ओठांकडे येणारी ती घडी तुम्ही गडद रेघेने काढलेली असते, तिथे फक्त हलकी शेड हवी असते. पण कारण शोधणं आपलं काम.

तुमच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं पुढे असलेला माणूस, माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात कामाचा हाच. तो कालपरवाच त्या खड्ड्यातून बाहेर आलेला असतो, त्याला आठवतं की आपण नेमके कुठे अडकलो होतो. पंचवीस वर्षं चित्रं काढणाऱ्याला ते आठवत नाही, त्याच्या हाताला ते आपोआप येतं, तो म्हणतो "अरे, फॉर्म जाणवला पाहिजे" आणि आपण मान डोलावून घरी येतो. तसा जाणकार मिळाला तर सोडू नका अर्थातच, पण त्याला एक चित्र दाखवू नका, दहा-बारा दाखवा आणि विचारा की या सगळ्यांत परत परत होणारी एकच चूक कुठली. जाणकाराची नजर त्यासाठी वापरायची.

आणि प्रेमाने कौतुक करणारी माणसंही असू द्या, उत्साह टिकायला ती लागतात, फक्त त्यांना परीक्षक करू नका.

पायरी ४. फोटो पाठवणार असाल तर

हे पटकन सांगतो कारण कंटाळवाणं आहे, पण यावाचून बराच फीडबॅक वाया जातो. कागद सपाट ठेवा किंवा भिंतीला लावा आणि मोबाईल कागदाला समांतर धरा, तिरका धरला की वरचा भाग लहान दिसतो आणि लोक म्हणतात डोकं लहान झालंय, ती चूक तुमची नसतेच. अगदी जवळून काढू नका, जवळून लेन्स आकार ताणते, जरा मागे जाऊन थोडं झूम करा. उजेड दिवसाचा, एका बाजूने तिरपा येणारा, कारण गडद पेन्सिल चकाकते आणि समोरून उजेड पडला की सगळ्यात काळा भाग फोटोत पांढरट दिसतो. कागद फोटोत मळकट आला तर एक्स्पोजर किंचित वाढवा पण फिल्टर मारू नका. कागदाचे चारही कोपरे दिसू देत. आणि रेफरन्स, म्हणजे ज्याच्यावरून काढलंत तो फोटो किंवा ती वस्तू, सोबत पाठवाच, नाहीतर समोरचा कशाशी ताडून बघणार?

पायरी ५. प्रश्न लिहा, नीट लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक उदाहरण घेतो, साधा कप. टेबलावर ठेवलाय, तुम्ही खुर्चीत बसून थोडा वरून बघताय. काढून झाला आणि तो काहीतरी विचित्र दिसतोय, पडेल असा वाटतोय. आता तुम्ही विचारलंत "कसा झालाय?" तर उत्तर येणार "छान, कान मस्त जमलाय." संपलं.

त्याऐवजी हे बघा:

"समोर ठेवून काढलाय, साधारण चाळीस मिनिटं लागली, पेन्सिल एचबी (नेहमीची) आणि ४बी (जास्त मऊ, काळी). कप टेबलावर घट्ट बसलेला दिसायला हवा होता पण मला तो तरंगतोय किंवा मागे पडतोय असं वाटतंय. काठाचा लंबगोल दोनदा तपासला, तो बरा वाटतो. मला शंका तळाची आहे. तळाची रेघ चुकली आहे का, की सावलीमुळे असं दिसतंय? कानाचं शेडिंग बाकी आहे, त्याकडे सध्या बघू नका."

एवढं लिहिलं की ज्याला थोडंफार कळतं तो माणूस अर्ध्या मिनिटात सांगेल की तळ तुम्ही जवळजवळ सरळ रेघेने काढलाय. सगळे तसंच काढतात, कारण टेबल सपाट आहे हे डोक्याला माहीत असतं आणि हात डोक्याचं ऐकतो. प्रत्यक्षात गोल वस्तू डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली जाते तितका तिचा लंबगोल जास्त उघडा, जास्त फुगीर दिसतो. म्हणजे कपाचा काठ जेवढा फुगीर, त्याच्यापेक्षा तळाचा बाक थोडा जास्तच हवा, कमी नाही. आणि लंबगोलाच्या दोन टोकांना टोकदार कोपरे येत नाहीत, तिथेही रेघ वळते. पटत नसेल तर काचेचा ग्लास हातात धरा, काठ डोळ्यांसमोर आणा, तो सरळ रेघ होतो, त्याच वेळी तळ मात्र लंबगोल दिसत असतो, आणि ग्लास हळूहळू खाली न्या. दोन मिनिटांत डोक्यात बसतं.

त्या मेसेजमध्ये काय काय होतं बघा. कशावरून काढलं, किती वेळ दिला, काय साधायचं होतं, मला स्वतःला काय खटकतंय, मी काय तपासलं, आणि कशाकडे बघू नका. वेळ का सांगायचा? कारण पाच मिनिटांच्या स्केचला आणि पाच तासांच्या चित्राला वेगळी मापं लागतात. ‘काय साधायचं होतं’ हे तर सगळ्यात जास्त लोक विसरतात, तुम्ही मुद्दाम लांबट, वाकडेतिकडे चेहरे काढत असाल आणि समोरचा प्रमाण दुरुस्त करत बसला तर दोघांचाही वेळ फुकट.

प्रश्न एक, फार तर दोन. दहा प्रश्न विचारलेत तर माणूस एकाचंही नीट उत्तर देत नाही. आणि प्रश्नात ‘मला जमेल का, माझ्यात टॅलेंट आहे का’ हे घुसवू नका. याचं उत्तर कुणाकडेच नसतं आणि समोरच्याला धीर द्यायच्या कामाला लावल्यासारखं होतं, मग तो चित्राबद्दल काही बोलतच नाही.

अजून एक, "बिनधास्त फाडा, मला वाईट वाटत नाही" असं लिहायची पद्धत आहे. लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यापेक्षा स्वतःचीच एक चूक आधी दाखवून द्या, "मानेचं मला माहीतच आहे, ती जाड झाली आहे," म्हणजे समोरच्याची भीड आपोआप चेपते.

पायरी ६. ऐकताना तोंड बंद

"पण फोटोच तसा होता." "पण पेन्सिल संपत आली होती." "पण ती माझी स्टाईल आहे." ही तीन वाक्यं मी इतक्यांदा बोललोय की मोजदाद नाही. यातलं एखादं खरंही असेल, पण तुम्ही ‘पण’ म्हटलं की समोरचा आवरतं घेतो. मुकाट ऐका, कागदावर लिहा, शक्यतो त्याच्याच शब्दांत. विचारायचंच असेल तर एक विचारा, "नेमकं कुठे वाटलं तसं? बोट ठेवून दाखवता?"

हे बोट ठेवणं फार महत्त्वाचं, कारण चूक कुठे आहे हे लोकांना बऱ्यापैकी बरोबर कळतं, पण ती का झाली आणि उपाय काय हे बहुतेकदा चुकीचं सांगतात. डॉक्टरकडे जाऊन आपण म्हणतो पोट दुखतंय, इथपर्यंत आपलं खरं, पण गोळी कुठली ते आपण सांगायचं नसतं. तसंच हे.

कुणी म्हणालं ‘नाक मोठं झालंय’ तर लगेच नाक खोडायला जाऊ नका. मोजा. बऱ्याचदा नाक बरोबर असतं, चेहरा अरुंद झालेला असतो, किंवा दोन डोळ्यांमधलं अंतर कमी पडलेलं असतं. साधारणपणे दोन डोळ्यांच्या मध्ये अजून एक डोळा बसेल एवढी जागा लागते, तेवढी नसेल तर नाक उगाच बदनाम होतं. ‘सपाट दिसतंय’ असं म्हणाले की नवशिका अजून शेडिंग करतो, सगळीकडे थोडं थोडं, आणि चित्र सपाटच राहतं, फक्त काळपट होतं. खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की सगळं काम एकट्या एचबीने केलंय, ती ठरावीक गडदपणाच्या पुढे जातच नाही, त्यामुळे सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा यांच्यात फरकच उरत नाही. सगळ्यात गडद जागा शोधा, तिथे ४बी किंवा ६बी दाबून लावा आणि उजेडाच्या जागी कागद कोरा सोडा, बोटाने फासू तर अजिबात नका. ‘हात विचित्र आहेत’ याचा अर्थ दहात आठ वेळा हात लहान झालेत एवढाच निघतो, हाताचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जवळजवळ हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत येतो, स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बघा. ‘रेषा घाबरट आहेत’ असं कुणी म्हणालं तर तो चित्रावरचा शेरा नाहीच, तुम्ही मनगटातून छोट्या छोट्या केसाळ रेघा मारताय, खांद्यातून हात फिरवून एक लांब रेघ मारायची सवय नाही, आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो, या चित्रात ते दुरुस्त होणार नाही.

पायरी ७. चित्र काढताना बघायला सांगा

हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितोय. तयार चित्रात चूक दिसते, ती कुठून आली ते दिसत नाही. माझ्या चित्रांत माणसांचे पाय कायम कागदाच्या खाली कापले जायचे आणि मला वाटायचं मला कॉम्पोझिशन, म्हणजे कागदावरची मांडणी, कळत नाही, पुस्तकं शोधत होतो त्यावर. एकदा एका मैत्रिणीसमोर बसून काढत होतो, ती पाच मिनिटांत म्हणाली, "तू डोळ्यापासून सुरू करतोस आणि खाली उतरत जातोस, पाय येईपर्यंत कागद संपतो, दुसरं काय होणार?" आधी डोक्याची आणि टाचेची खूण करून मग मध्ये माणूस बसवायचा, एवढाच उपाय होता, आणि कॉम्पोझिशनची पुस्तकं तशीच पडून आहेत.

शेजारी बसणारं कुणी नसेल तर मोबाईल टेकवून दहा मिनिटांचा व्हिडिओ करा, हात आणि कागद दिसेल असा, आणि तो दाखवा, किंवा स्वतःच बघा. वस्तूकडे किती वेळा बघता ते मोजा. मी कागदाकडे सलग दीड मिनिट बघत होतो, समोरची वस्तू राहिली बाजूला, मी मनानेच काढत बसलो होतो.

पायरी ८. दोघे उलट बोलले तर

एक म्हणतो आउटलाइन गडद कर, दुसरा म्हणतो आउटलाइन काढूनच टाक. होतं असं. दोघेही एकाच जागेबद्दल बोलतायत का ते आधी बघा, कारण तसं असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय एवढं नक्की, उपाय कुठला ते तुम्ही दोन्ही करून ठरवा. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा, एकावर एक उपाय, दुसऱ्यावर दुसरा, मूळ चित्राला धक्का नाही. तिघांनी वेगवेगळ्या वेळी मानेवर बोट ठेवलं तर मानेबद्दल वाद घालू नका. आणि एकानेच काहीतरी म्हटलंय, मोजून बघितलं तर बरोबर येतंय, आरशातही खटकत नाही, तर सोडून द्या. ऐकावे जनाचे करावे मनाचे हे शेवटी खरंच आहे, पण नवशिक्याने त्यात ‘मोजावे पट्टीने’ हे मध्ये घालावं, कारण आपलं मन अजून कच्चं असतं आणि त्याला नेहमी स्वतःचंच बरोबर वाटतं.

पायरी ९. कडू बोलणाऱ्यांचं काय करायचं

१८८५ साली व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ या आपल्या चित्राचा शिळाछाप, म्हणजे दगडावर चित्र काढून घेतलेली छापील प्रत, आपल्या चित्रकार मित्राला, व्हॅन रॅपार्डला पाठवला. रॅपार्डने उत्तरात झोडपून काढलं, या माणसाचा हात आखूड का, त्याचं अर्धं नाक कुठे गेलं, त्याला गुडघा आणि पोट का नाही. व्हॅन गॉगने ते पत्र परत पाठवून दिलं आणि त्यांची काही वर्षांची मैत्री नंतर सावरलीच नाही.

गंमत अशी की रॅपार्डचे मुद्दे मोघम नव्हते, हात, नाक, गुडघा, सगळं बोट ठेवून दाखवलेलं होतं. पण सूर असा होता की मुद्दे ऐकूच येऊ नयेत. म्हणून मी एक करतो, असं काही आलं की लगेच उत्तर देत नाही, वहीत फक्त नावं लिहितो, ‘उजवा हात, नाक, गुडघा’, बाकीची विशेषणं टाकून देतो, आणि दोन दिवसांनी ती यादी घेऊन चित्रासमोर बसतो. काही कामाचं निघतं, काही नाही. आणि ज्याच्या बोलण्यातून विशेषणं काढल्यावर खाली काहीच उरत नाही, "बकवास आहे, सोडून दे" छाप, त्याला पुन्हा दाखवायचं नाही, उगाच मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

पायरी १०. तेच चित्र परत काढा

फीडबॅक मिळाला, पटला, लिहून घेतला, आणि मग नवीन चित्र सुरू केलं. इथे बहुतेकांचा सगळा खटाटोप पाण्यात जातो. जुन्यावर खोडाखोडी करूनही उपयोग नाही, कागद मळतो आणि चुकीची रेघ परत हाताला ओढते. कोरा कागद घ्या, तोच कप, तीच जागा, तोच उजेड, आणि एकच गोष्ट सुधारायची असं ठरवून काढा. तळाचा बाक, बस. बाकी बिघडलं तर बिघडू दे. दोन्हीवर तारीख टाका, शेजारी ठेवून बघा.

कंटाळा येतो, मान्य. मी कप सात वेळा काढला आणि सातव्या वेळी तो एकदाचा टेबलावर बसला.

एक छोटी वही याच्यासाठीच ठेवा, तारीख, चित्र कुठलं, कुणी काय म्हटलं, मी काय केलं. दोनेक महिन्यांनी पानं उलटलीत की तीच तीच चूक वेगवेगळ्या लोकांच्या शब्दांत दिसायला लागते, माझ्या वहीत ‘मान’ हा शब्द पाच वेळा होता, चार वेगळ्या माणसांकडून. मग दोन आठवडे दुसरं काही काढलं नाही, फक्त माना.

किती वेळा विचारायचं? प्रत्येक स्केच दाखवत सुटू नका, लोक कंटाळतात आणि तुम्हालाही स्वतः बघायची सवय लागत नाही. रोज काढत असाल तर आठवड्यातून एखादं चित्र दाखवणं पुरे, बाकीची पायरी १ वर भागवा.

आणि सुधारलेलं चित्र ज्याने चूक दाखवली त्याला आठवणीने पाठवा, जुनं आणि नवं शेजारी ठेवून, "तुम्ही तळाचं बोलला होतात, हे बघा." आपलं बोलणं ऐकून कुणी परत काढलं हे बघायला फार कमी लोकांना मिळतं, आणि अशा माणसाला पुढचा प्रश्न विचारला तर तो पाच मिनिटांच्या जागी अर्धा तास देतो. भाचीलाही मी नवा चेहरा दाखवला, डोळे बरोबर मधोमध. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आता मेंदू आहे. पण कान कुठेयत?"